उलट्या वळणाची वाकळ

मी जन्माची डावरी. जेवताना, वाढताना, कुणाला काही देताना उजवाच हात पुढं करायचा, हे आईनं लहानपणीच माझ्या अंगात मुरवलं होतं. पण सुई उजव्या हातात धरली की माझी बोटं लाकडासारखी व्हायची. आई माझ्या डाव्या हाताला चिंधी बांधून मला शिवायला बसवायची. मी मुसमुसत चार वेडेवाकडे टाके घालायची. ती पाण्याला गेली की चिंधी सोडून डाव्या हातानं सरसर शिवून टाकायची, आणि ती यायच्या आत चिंधी पुन्हा गुंडाळून बसायची. आईला कळत नसेल असं नाही. पण आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

लग्न झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. सासरी पाठवायच्या आदल्या दिवशी आईनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "हे बघ, तिथं सुईला हात लावू नको. कुणी इचारलं तर डोळे दुखतेत म्हण. डावऱ्या हाताची सून म्हणलं की लोकं नाकं मुरडतेत."

आणि माझं नशीब असं, की माझी सासू आसपासच्या चार गावांत वाकळ शिवण्यासाठीच नावाजलेली होती.

आमचं गाव तीर्थपुरीहून जांबेला जाणाऱ्या वाटेवर. घरी ज्वारी आणि कापूस. सासूला मी आत्याबाई म्हणायची. उंच, हडकुळी, मोजकं बोलणारी बाई. दुपारची कामं उरकली की ओसरीत सारवलेल्या भुईवर ती जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर पसरायची. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पायली आणि एखादा दगड ठेवायची, आणि कडेनं शिवत, फेऱ्याच्या आत फेरा घालत मध्याकडं यायची. तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे. लोक गोधडी म्हणतात ती आमच्याकडची वाकळ. पण आत्याबाईची वाकळ उलटी केली तरी सुलटीच वाटायची.

मी आले त्याच आठवड्यात ती म्हणाली, "ये, कडंला बस. चार टाके घाल."

मी आईनं पढवलेलं सांगितलं. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्या दिवसापासून तळपायाला एरंडेल चोळायचं, असं तिनं मला लावून दिलं. डोळ्यांना थंडावा मिळतो म्हणून. मी विसरले तर तेलाची वाटी स्वतः आणून माझ्यापुढं ठेवायची. दोन वर्षं मी ते तेल चोळलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगून टाकावं. धीर झाला नाही.

ते लढाईचे दिवस होते. लढाई कुठं लांब चालली होती, पण तिच्यापायी आमच्याकडं कापडाला कंट्रोल लागला होता. नवं लुगडं मिळणं मुश्कील, त्यामुळं जुनं फेकायची तर कुणाची छातीच नव्हती. अशा दिवसांत एका सकाळी आमच्या दारात एक दमणी, म्हणजे पडद्याची छोटी बैलगाडी, येऊन थांबली. पडदा सारून एक मारवाडी बाई उतरली. जालन्याच्या मस्तगडातली ती शेठाणी. तिच्या दिराची तीर्थपुरीत कापसाची खरेदी होती. आमच्या घरच्यांनी तिथं कापसाची गाडी नेली होती, तेव्हा गाडीवर अंथरलेली आत्याबाईची वाकळ तिच्या नजरेला पडली होती. ती विचारत विचारत आमच्या घरापर्यंत आली होती.

तिनं पाणी घेतलं, मग काखेतलं बोचकं सोडलं. आत एक जुनी, लहानशी वाकळ होती. इतकी जुनी की तिनं ती दोन्ही तळहातांवर, भाजलेला पापड धरावा तशी धरली होती. मधोमध लाल चौकोन, त्याच्याभोवती निळ्या-पांढऱ्या तिकोनी ठिगळांच्या रांगा, टोकाला टोक भिडवून लावलेल्या. लाल चौकोनात मात्र ठिगळ नव्हतं. तिथं नुसत्या दोऱ्याचा भोवरा होता, टाक्यांचे फेरे गोल होत होत एका ठिपक्यात जाऊन संपलेले. एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलं होतं. उजेडात धरलं की आरपार दिसत होतं.

"ही कुठली?" आत्याबाईनं विचारलं.

"तुमच्या इकडचीच," शेठाणी म्हणाली. "पाच पिढ्या झाल्या, आमचे बडे-बुढे मारवाडातून गाड्या घेऊन आल्ते. अंबडच्या अलीकडं रस्त्यातच आमच्या घरची एक सून बाळंत झाली. थंडीचे दिवस. संगं गरम असं काही न्हाई. बाजूच्या रानात ज्वारीची राखण करणारी एक बाई होती. तिनं आपल्या बाजेवरची ही वाकळ आणून लेकराखाली टाकली. पुढं आमच्या माणसांनी ती परत न्हेली, तं घेईना. म्हणाली, लेकराखाली अंथरलेली वाकळ परत घेत न्हाईत. तव्हापासून आमच्या घरात जे लेकरू होतं ते छठीच्या दिवशी पहिल्यांदा हिच्यावरच निजतं. मीबी माझी तिन्ही निजवली. आता सुनेला सातवा महिना लागला. पण ह्या वाकळीला आता लेकराचं वजन बिलकुल झेपणार न्हाई."

"मंग?"

"मंग अशीच दुसरी पाहिजे. रंग तोच, टाका तोच. नवीन कापडाची दुलई तं शहरात कुणीबी करून देतं. मला हीच पाहिजे."

आत्याबाईनं वाकळ हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, "त्या बाईचं नाव-गाव?"

"कुणालाच ठाऊक न्हाई," शेठाणी म्हणाली. "आम्ही तिला नुसती 'वाकळवाली माय' म्हणतो. छठीला तिच्या नावानं एक दिवा लावतो."

"ठेवून जा," आत्याबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून कापडाचा शोध सुरू झाला. वाकळीचा जीव जुन्या कापडात असतो. ते धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं. आणि ही वाकळ हातमागाच्या कापडाची होती, गिरणीच्या नाही. आत्याबाई मला घेऊन घरोघर फिरली. एका म्हाताऱ्या शेजारणीनं आपल्या मेलेल्या नवऱ्याचं हातमागाचं धोतर पेटीच्या तळातून काढून दिलं. "कुणाच्या का व्हईना, लेकराला लागंल," म्हणाली. कुणी नीळ उतरलेलं लुगडं दिलं, कुणी उपरण्याचा अर्धा तुकडा. ज्या दिवसांत बाया ठिगळावर ठिगळ लावून लुगडी नेसत होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्यांच्यातल्या एकीनंही शेठाणीला पाहिलं नव्हतं. आजही त्या बायांची आठवण आली की मला भरून येतं.

लाल मात्र कुठं मिळेना. तो मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल होता, पिकलेल्या मिरचीपेक्षा थोडा गडद. तीर्थपुरीच्या रंगाऱ्याकडं गेलो. तो हसला. "बाई, लढाई लागली आन् जर्मन रंगाच्या पुड्या यायच्या बंद झाल्या. तव्हा मला माझ्या बापाचा रंग आठवला. आता मी तोच करून राह्यलो." त्यानं आमचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, मग तुरटीच्या, आणि शेवटी मंजिष्ठेच्या काढ्यात उकळलं. चार दिवसांनी गेलो तर कापड तारेवर वाळत होतं. जुनी वाकळ शेजारी धरून पाहिली. त्यानं स्वतःच मान हलवली आणि पुन्हा एकदा उकळीत टाकलं. दुसऱ्या खेपेला रंग बराबर उतरला.

आत्याबाईनं सुतळीला गाठी मारून जुन्या वाकळीची मापं घेतली. तिकोन कापले, रांगा जुळवल्या, थर पसरले आणि शिवायला बसली. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी ती थांबली. जुनी वाकळ नव्या वाकळीशेजारी ठेवली आणि एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहू लागली.

"हिचं कायतरी उलटं हाय," ती स्वतःशीच म्हणाली.

उजव्या हातानं शिवणारी बाई उजवीकडून डावीकडं जाते. त्यामुळं तिचे फेरे एका अंगानं फिरतात. त्या जुन्या वाकळीचे फेरे दुसऱ्या अंगानं फिरत होते. ठिगळांच्या मुडपीसुद्धा उलट्या बाजूला पडल्या होत्या. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, फिरू दे, कोण बघायला येतं? आत्याबाई तसली नव्हती. नक्कल करायची म्हणजे बराबर करायची. तिनं दोन दिवसांचं काम उसवलं आणि उलट्या बाजूनं शिवायला घेतलं. पण तसं करताना सुई स्वतःपासून दूर ढकलावी लागत होती. टाका लांब पडायचा, दोरा ओढला जायचा, कापडाला चुण्या पडायच्या. तिनं पुन्हा उसवलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा उसवताना मी तिच्या कपाळावर घाम पाहिला. आयुष्यभर ज्या हातानं तिचं ऐकलं, तो हात पहिल्यांदाच ऐकत नव्हता.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. फेरे कुठल्या अंगानं फिरतात ते मी बोटानं गिरवून पाहिलं. ही बाई डावरी होती. रानात राखण करणारी, नाव-गाव नसलेली ती बाई माझ्यासारखी होती. मी आजवर दुसरी डावरी बाई पाहिली नव्हती. आणि जिच्या हाताचं काम पाच पिढ्या लोक देवासारखं जपून ठेवतात, तिचा हात डावा होता.

तिसऱ्यांदा उसवलं त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आत्याबाई कापूस वेचायला गेली. मी स्वयंपाकासाठी घरी होते. भाकरी झाल्या, चूल विझवली, हात धुतले. ओसरीत वाकळ पसरलेली होती, सुई तिच्यात टोचलेली. मी दार लोटलं, बसले आणि सुई डाव्या हातात घेतली.

एकच फेरा घालायचा, असं ठरवलं होतं. एकाचे तीन कधी झाले कळलं नाही. टाके आपोआप पडत गेले. जुन्या वाकळीकडं पाहायचीही गरज वाटेना. ती बाई जिथं वळली असेल तिथंच माझा हात वळायचा. एकाएकी दार उघडलं आणि कापडावर सावली पडली. आत्याबाई उभी होती. पाठीवर कापसाचा ओटा, वेचलेल्या कापसाची झोळी, तसाच.

मी सुई टाकली आणि हात पदराखाली घेतला.

ती आली, ओटा उतरवला आणि खाली वाकून टाके पाहिले. त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कोण शिवलं?"

मी खाली मान घातली.

"हात दाखव." मी उजवा पुढं केला. "तो न्हाई. दुसरा."

मी डावा हात बाहेर काढला आणि रडायला लागले. रडत रडतच सगळं सांगितलं, आईचं, चिंधीचं, डोळ्यांचं. "आत्याबाई, मी खोटं बोलले. माझे डोळे कधी दुखलेच न्हाईत."

"म्हणजे दोन वरसं माझं एरंडेल वाया गेलं," ती म्हणाली.

मी मान वर केली. ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. ती जुनी वाकळ मांडीवर घेऊन बसली होती.

"ही बाई डावरी होती, व्हय?"

"हाव."

ती भोवऱ्याच्या फेऱ्यांवरून बोट फिरवत मधल्या ठिपक्यापर्यंत आली. मग म्हणाली, "तिलाबी सासू असंल की. तिनं शिवू दिलं, म्हणून ही वाकळ झाली. मी अडवलं तं मला ती काय म्हणंल?" आणि सुई उचलून तिनं माझ्या डाव्या हातात दिली. "बस. दिवेलागणीपर्यंत लई उजेड हाय."

पुढं ती कापडाचे थर ताणून धरायची, दोरा ओवून द्यायची, आणि मी शिवायची. शेजारपाजारच्या बाया यायच्या, बघायच्या. एक जण म्हणाली, "डाव्या हाताचं, आन् तेबी पाचवी-छठीच्या लेकराला? बरं दिसतं का?" आत्याबाई म्हणाली, "लेकराला दूध पाजताना डावं-उजवं बघतेस का तू?" ती बाई उठून गेली. पण माझ्या मनात ती शंका राहिलीच.

मधल्या भोवऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटचा ठिपका भरला त्याच दिवशी जालन्याहून निरोप आला, की बाळ लवकर आलं, मुलगी झाली, परवा छठी आहे. आमच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी जुंपली. अंबडला मुक्काम करून आम्ही छठीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मस्तगडात पोचलो. वाटेत आत्याबाईनं मला एकच गोष्ट सांगितली, "शेठाणीला खरं सांगायचं. लेकराखाली खोटं अंथरायचं न्हाई."

शेठाणी लगबगीनं बाहेर आली. आत्याबाईनं जुनी-नवी दोन्ही वाकळी तिच्या हातात दिल्या आणि लगेच म्हणाली, "ही नवी माझ्या हाताची न्हाई. माझ्या सुनेनं शिवली. ती डावरी हाय. चालत नसंल तं आम्ही वापस न्हेतो."

शेठाणीच्या तोंडावरचं हसू थांबलं. ती दोन्ही वाकळी घेऊन आत गेली. आम्ही चौकात बसून राहिलो. आतून बायांच्या बोलण्याचा आवाज यायचा, मग थांबायचा. मी उठायला लागले. "आत्याबाई, आपण जाऊ," मी म्हणाले.

"बस गपचिप," ती म्हणाली. "तू चोरी केली न्हाई."

कितीतरी वेळानं शेठाणी बाहेर आली. एका हातावर जुनी वाकळ, एका हातावर नवी. तिनं दोन्ही आमच्यापुढं चटईवर टाकल्या आणि स्वतः खाली बसली.

"घरात म्हणत होते, डाव्या हाताचं नको," ती म्हणाली. "मंग मी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या. सगळ्यांना दाखवल्या. फेरे एकाच बाजूनं फिरतेत. म्हणजे ती वाकळवाली मायबी डावरीच होती न?"

"हाव," आत्याबाई म्हणाली.

"मंग आम्ही सगळे तिच्याच हातावर निजून मोठे झालो." शेठाणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती माझ्याकडं वळली. "चल बाई, तूच अंथर."

तिनं मला आत नेलं. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी होती. मी वाकळ पाटावर अंथरली, चुण्या सारख्या केल्या, आणि शेठाणीनं त्या इवल्याशा मुलीला तिच्यावर ठेवलं. ती जराशी कुरकुरली, मूठ तोंडाशी नेली आणि झोपली. कोपऱ्यात वाकळवाल्या मायच्या नावाचा दिवा लावलेला होता. मी त्या दिव्याला दोन्ही हात जोडले.

त्या दिवशी शेठाणीनं आम्हाला स्वतः वाढलं. मोबदल्याचं काढलं तेव्हा आत्याबाई म्हणाली, "लेकराच्या वाकळीचं काही घेत न्हाईत." शेठाणी हसली, तिच्या घरात हे वाक्य जुनंच होतं. तरी निघताना तिनं माझ्या ओटीत खणाबरोबर सुयांचं एक बंद पाकीट घातलं. लढाईत चांगली सुई मिळणं किती कठीण होतं ते ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनाच कळेल.

शेठाणी गप्प बसणारी नव्हती. पुढच्या वर्षभरात तिनं दोन घरांतल्या बाया आमच्याकडं पाठवल्या, जुन्या वाकळी घेऊन. त्यानंतर आमच्या शेतकऱ्यांच्या घरांतूनही लोक येऊ लागले. कुणाच्या माहेरची, कुणाच्या मेलेल्या आईच्या हातची. तशीच दुसरी करून द्या म्हणायचे. जुनं काम वाचायला मी तेव्हा शिकले. कुठली बाई घाईत होती, कुठल्या बाईनं मधेच सोडून महिन्यांनी पुन्हा धरलं, कुठं दोरा संपला आणि तिनं लुगड्याचाच धागा ओढून काढला, हे सगळं टाक्यांत दिसतं. उजव्या वळणाच्या वाकळी आत्याबाई शिवायची. डाव्या वळणाची पुन्हा एकच आली. आणि घरच्या वाकळीला आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. ती तिच्या अंगानं यायची, मी माझ्या, आणि निम्म्या दिवसांत काम व्हायचं. अशी वाकळ दोन वळणांची दिसते. आमच्या घरात तशा चार होत्या.

निजामाचं राज्य गेलं त्या साली गावात फार धावपळ झाली. काही महिने आम्ही माणसं नि जनावरं घेऊन इकडून तिकडं फिरलो. परत आलो तेव्हा घर होतं, पण घरातलं बरंच काही गेलं होतं. आत्याबाईनं त्याचं फार दुःख केलं नाही. "हात हायेत न," म्हणाली आणि उरलेल्या चिंध्या निवडायला बसली.

मला सासरी काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी सांगते, माझा हात मिळाला. आईनं तो भीतीपोटी बांधला होता, तिचा दोष नव्हता. आत्याबाईनं सोडला. तिच्या जागी दुसरी सासू असती तर मी अजूनही पायाला एरंडेल चोळत बसले असते.

पुढं खरंच तिच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शिवणं बंद झालं, पण ओसरीतली जागा तिनं सोडली नाही. मी शिवायची आणि ती माझ्या मागून अंगठ्यानं टाके चाचपत यायची. मधेच थांबायची. "इथं एक मोठा पडला." मी म्हणायची, "न्हाई आत्याबाई, बराबर हाय." ती म्हणायची, "बघ एकदा." मी वाकून बघायची. बहुतेक वेळा तिचंच खरं असायचं. मग मी मुकाट्यानं तेवढा टाका उसवायची आणि पुन्हा घालायची.